अमोनिया क्रॅकर काढून इलेक्ट्रोलायझर बसवावा का, आणि त्याला वीज कुठली द्यावी?

भट्टी_कुपवाड

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका ब्राइट ॲनिलिंग शेडबद्दल, म्हणजे स्टेनलेस माल चमक न घालवता तापवून मऊ करणाऱ्या शेडबद्दल, विचारायचं आहे. आकडे आधीच देतो, म्हणजे अंदाजपंचे बोलणं टळेल.

विजेवर तापणारी मेश बेल्ट भट्टी आहे. माल एसएस ३०४ च्या नळ्या आणि प्रेसचे छोटे पार्ट, तापमान १०५० अंश. भट्टीत अमोनिया क्रॅकरचा, म्हणजे अमोनिया तापवून फोडणाऱ्या यंत्राचा, वायू जातो, ताशी ४० घनमीटर. त्यात ७५ टक्के हायड्रोजन, २५ टक्के नायट्रोजन. रोज २० तास, वर्षाला ३०० दिवस काम. अमोनिया टनरमधून (मोठ्या सिलिंडरमधून) येतो. छपरावर ३०० किलोवॉटचे सौर पॅनेल बसतील एवढी जागा आहे. पाणी बोअरचं, भरपूर क्षारांचं.

युरोपातलं गिऱ्हाईक आता दर टन मालामागे कार्बनचा आकडा मागतंय. त्यामुळे अमोनिया बंद करून पाण्यापासून स्वतः हायड्रोजन बनवायचा विचार चालू आहे. विचारायचं ते असं: नुसता इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी फोडणारा संच, बसवला की कार्बन उतरतो का? वीज छपरावरची, पाटणच्या पठारावरच्या पवनचक्क्यांची, की अणुवीजेवर हायड्रोजन बनवण्याबद्दल जे बोललं जातं त्यासाठी थांबावं? वायूचा दर्जा भट्टीला पुरेल का? आणि शेजारच्या शेडमधल्या एलपीजीच्या फोर्जिंग भट्टीतही थोडा हायड्रोजन घालता येईल का?

युनिटचा_हिशोब

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. महावितरणच्या नेहमीच्या विजेवर इलेक्ट्रोलायझर चालवलात तर कार्बन उतरणार नाही, दुपटीहून जास्त वाढेल.

हिशोब असा. ताशी ४० घनमीटर मिश्र वायूत ३० घनमीटर हायड्रोजन, म्हणजे २.७ किलो. २० तासांचे ५४ किलो. एक किलो हायड्रोजनला स्टॅक (पाणी फोडणाऱ्या सेलचा गठ्ठा), रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), पंप, ड्रायर सगळं धरून तुमच्या आकाराच्या संचाला साधारण ५७ युनिट लागतात. मोठ्या संचांचे ५० ते ५५ चे आकडे छापलेले असतात, पण ते बहुतेक वेळा फक्त स्टॅकचे असतात; कोटेशन घेताना 'एसी बाजूला, ड्रायरसकट' हा शब्द लिहून घ्या. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. ५७ गुणिले ०.७२ म्हणजे एका किलो हायड्रोजनमागे ४१ किलो.

आता आजची स्थिती. एक किलो हायड्रोजन मिळवायला ५.६ किलो अमोनिया फोडावा लागतो. नैसर्गिक वायूपासून बनलेल्या अमोनियात किलोमागे सुमारे २ किलो कार्बन धरा, म्हणजे ११ किलो. क्रॅकरच्या हीटरला प्रतिकिलो अमोनिया १.३ युनिटच्या आसपास लागतात, त्याचे आणखी ५. एकूण १६ ते १७. म्हणजे १७ चे ४१ होतील. अमोनिया कोळशापासून बनलेला असेल तर आजचा आकडा बराच वर जाईल, म्हणून पुरवठादाराकडून मूळ कारखाना कुठला ते लेखी घ्या.

क्रॅकर आणि इलेक्ट्रोलायझर दोन्ही एकाच विजेवर धरले, तर बरोबरीची रेषा युनिटमागे ०.२३ किलोवर येते. म्हणजे इलेक्ट्रोलायझरच्या विजेतला किमान ६८ ते ७० टक्के वाटा खरोखर स्वच्छ असल्याशिवाय हा बदल करण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती सहसा बोलली जात नाही. तुमच्या छपरावरचं एक सौर युनिट थेट भट्टीच्या हीटरला दिलंत, तर ग्रिडचं एक युनिट वाचतं: ०.७२ किलो. तेच युनिट इलेक्ट्रोलायझरला दिलंत तर अमोनियाचा जो वाटा वाचतो तो ०.२९ किलोचा. एकाच पॅनेलमधून अडीचपट फायदा हीटरकडे आहे. म्हणून क्रम असा ठेवा: छपरावरची वीज आधी हीटर, पंखे, कॉम्प्रेसर यांना. ३०० किलोवॉटमधून सांगलीच्या उन्हात वर्षाला ४ लाख युनिटच्या आसपास निघतील, ती शेडच्या स्वतःच्या भारातच जिरतील. इलेक्ट्रोलायझरला वर्षाला सव्वानऊ लाख युनिट लागतात. ती बाहेरून स्वच्छ करारावर आणता आली तरच पुढचं बोलू.

हायड्रोजन हे इंधनाचं खनिज नाही, विजेचं रूपांतर आहे. जिथे त्याचा रेणूच लागतो, म्हणजे खत, रिफायनरी, पोलादाचं क्षपण, तुमच्यासारखं ॲनिलिंग, तिथे त्याला सहज पर्याय नाही. जिथे नुसती उष्णता हवी, तिथे वीज थेट वापरणं जवळजवळ नेहमी सरस पडतं.

गॅसलाइन_मिरज

कार्बनचा हिशोब पटला. आता यंत्राकडे बघू, कारण कागदावर जमलेलं बरंचसं इथे फसतं.

भट्टीवाले, आधी एक ध्यानात घ्या: ब्राइट ॲनिलिंगमध्ये हायड्रोजन फारसा खर्च होतच नाही. ४० घनमीटर आत जातो आणि जवळजवळ सगळा भट्टीच्या तोंडाशी जळून जातो. म्हणून यंत्र विकत घेण्याआधी वापर कमी करा. प्रवाह १० टक्क्यांनी उतरवा, दोन तास थांबा, गरम भागातला ड्यू पॉइंट (वायूतली ओल सांगणारं तापमान; जितकं उणे तितका वायू कोरडा) आणि मालाचा रंग बघा, मगच पुढचे १० टक्के. तोंडाशी ज्योतीचा पडदा अखंड आणि एकसारखा राहिला पाहिजे. तो तुटायला लागला की आतला दाब कमी पडतोय आणि हवा शिरतेय असं समजून लगेच मागे या. पडदे जुने झाले असतील, बेल्टच्या खालची फट मोठी असेल, तर ४० मधले कितीतरी घनमीटर फक्त ती फट भरायला जात असतात.

आता दर्जा. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमधून थेट निघणारा हायड्रोजन ९९.८ टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेल्यात ऑक्सिजन ०.१ ते ०.२ टक्के, आणि वायू पाण्याच्या वाफेने ओलाचिंब. तो तसाच भट्टीत सोडला तर ३०४ वर आधी पिवळसर, मग हिरवट झाक येणार, कारण क्रोमियमला ऑक्सिजन पोचतो. तुम्हाला ड्यू पॉइंट उणे ५० किंवा त्याखाली आणि ऑक्सिजन ५ पीपीएमच्या आत लागेल. त्यासाठी दोन टप्पे: ऑक्सिजन हायड्रोजनशी जाळून पाणी करणारा पॅलेडियमच्या दाण्यांचा डीऑक्सो, त्यामागे ओल शोषणाऱ्या मॉलेक्युलर सिव्हचे दोन टॉवर, एक कामावर आणि एक तापवून सुकवायला.

डीऑक्सोला आत आणि बाहेर दोन्हीकडे थर्मोकपल बसवाच. ०.१ टक्का ऑक्सिजन जळला की वायूचं तापमान साधारण १७ अंशांनी चढतं. रोजची चढ १५-२० अंश असेल आणि एखाद्या आठवड्यात ती ४० वर गेली, तर डायफ्रॅममधून ऑक्सिजन ओलांडून येतोय हे ॲनालायझरच्या आधी कळतं. आणि ऑक्सिजन जास्त येत असूनही चढच दिसत नसेल, तर दाणे ओले झालेत किंवा कॉस्टिकच्या तुषारांनी मेलेत.

क्रॅकरच्या वायूत न फुटलेला अमोनिया थोडा उरतो आणि स्टेनलेसचं नायट्रायडिंग होतं. तो त्रास इथे संपेल, ही जमेची बाजू. २५ टक्के नायट्रोजन कायम ठेवायचा असेल तर ताशी १० घनमीटर पीएसएमधून, म्हणजे हवेतून नायट्रोजन वेगळा करणाऱ्या यंत्रातून, घेता येईल, पण साध्या पीएसएच्या ९९.९ टक्के नायट्रोजनमध्ये १००० पीपीएमपर्यंत ऑक्सिजन असतो. तो डीऑक्सोच्या आधी हायड्रोजनमध्ये मिसळा, मागून मिसळू नका. एकाच पॅलेडियमवर दोन्हींचं काम होतं. ड्रायर मात्र तेवढा मोठा घ्यावा लागतो.

संच ३० घनमीटर ताशी, म्हणजे सुमारे १५५ किलोवॉट. अल्कलाइन घ्या. दुसरा प्रकार पीईएम, त्यात द्रावणाऐवजी पातळ पडदा असतो; तो लवकर वरखाली होतो, पण इरिडियम-प्लॅटिनममुळे महाग आणि पाण्याच्या बाबतीत फार नाजूक. अल्कलाइनमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास कॉस्टिक पोटॅशचं द्रावण ७० ते ९० अंशांवर फिरतं. सेलचं व्होल्टेज नवं असताना १.८ ते १.९. एका किलोला प्रत्येक व्होल्टमागे २६.६ युनिट, हे सूत्र लक्षात ठेवा. व्होल्टेज १.९ चं २.० झालं की किलोमागे अडीच-पावणेतीन युनिट जास्त जातात. दर महिन्याला एकाच तापमानाला, एकाच करंटला सेल-व्होल्टेज लिहून ठेवलं तर स्टॅकचं वय आपोआप कळतं.

पाणी. एका किलोला ९ लिटर रसायनशास्त्राप्रमाणे, प्रत्यक्षात १० धरा. ५४ किलोला रोज ५४० लिटर डीएम (क्षार काढलेलं) पाणी. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं पाणी असेल तर आरओमधून निम्मं रिजेक्ट जाणार, म्हणजे ११०० लिटर कच्चं पाणी. आरओनंतर उरलेले क्षार काढायला मिक्स्ड बेड हवाच. अल्कलाइनला वाहकता ५ मायक्रोसीमेन्सच्या खाली, पीईएमला १ च्या खाली. खरं तर थंडाव्यालाच जास्त पाणी लागतं: किलोमागे १७-१८ युनिट उष्णता होऊन बाहेर पडते, आणि कुलिंग टॉवरवर ती काढायला रोज १२०० ते १४०० लिटर उडून जातं. उन्हाळ्यात टँकर लावावा लागणार असेल तर ड्राय कुलर घ्या, पण मे महिन्याच्या ४० अंशांना तो पुरेल का ते तपासून.

वीज गेली की काय होतं? हा सांगली-मिरज पट्ट्यातला रोजचा प्रश्न. व्होल्टेज डिप आला की रेक्टिफायर ट्रिप. स्टॅक बंद पडल्यावर त्यात उलटा करंट वाहतो आणि निकेलच्या कॅथोडचं कोटिंग त्याने झिजतं. रोज दोन-तीन ट्रिप झाल्या तर दहा वर्षांचा स्टॅक दहा वर्षं टिकत नाही. थंड स्टॅक पूर्ण क्षमतेला यायला पाऊण-एक तास लागतो. म्हणून बफर टाकी लागतेच. १० घनमीटरची टाकी १५ बारवरून ५ बारपर्यंत वापरली तर १०० घनमीटरच्या जवळपास वायू मिळतो, म्हणजे सव्वातीन तास. एवढ्या मोठ्या टाकीत फक्त ८-९ किलो हायड्रोजन वापरायला मिळतो, यावरून साठवण किती अवघड ते समजा. रात्रभराचा साठा करून सौर विजेवर २० तास भट्टी चालवायची असेल तर अशा चार-पाच टाक्या आणि तिप्पट-चौपट मोठा इलेक्ट्रोलायझर. तो मार्ग सोडून द्या. टाकीला पेसोची, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची, परवानगी लागते, २०१६ च्या स्टॅटिक अँड मोबाइल प्रेशर व्हेसल्स नियमांखाली, आणि तिची अंतरं शेडच्या नकाशात आधी बसतात का ते बघून मगच ऑर्डर द्या.

सुरक्षेत सर्वांत जास्त होणारी चूक: एलपीजीच्या शेडमधले फ्लेमप्रूफ दिवे आणि स्विच तसेच वापरणं. ते गॅस ग्रुप टू-ए चे असतात. हायड्रोजनला टू-सी लागतो. त्याला पेटायला ०.०२ मिलिज्यूल पुरते आणि तो फार बारीक फटीतून ज्योत पलीकडे नेतो. एलपीजी खाली बसतो म्हणून डिटेक्टर जमिनीजवळ लावलेले असतात, हायड्रोजनला ते छताच्या उंच बिंदूला हवेत आणि कौलाच्या माथ्याशी कायम उघडी वाट. हवेत ४ ते ७५ टक्के, एवढ्या मोठ्या पट्ट्यात तो पेटतो. दिवसा त्याची ज्योत दिसत नाही, म्हणून गळतीच्या संशयाला जाताना कोरडा झाडू पुढे धरायची जुनी रीत आजही बरोबर आहे. पाइप एसएस ३१६ एल, वेल्डिंग किंवा दुहेरी फेरूल. टेफ्लॉन टेप लावलेले चुडीचे जोड नकोत. भट्टी सुरू करताना नायट्रोजनने पाच आकारमानं धुऊन घ्या आणि गरम भाग ७६० अंशांच्या वर गेल्याशिवाय हायड्रोजन सोडू नका.

आणि ताशी १५ घनमीटर ऑक्सिजन निघेल. तो सिलिंडरमध्ये भरून कटिंगवाल्यांना द्यायचा मोह होईल. देऊ नका. त्यात हायड्रोजन असतो. संच कमी भारावर चालला की तो १ टक्क्यावर जातो आणि २ टक्क्यांना संच स्वतः बंद व्हावा अशी सेटिंग असते. अशा वायूवर कॉम्प्रेसर चालवणं जिवावरचं आहे.

भट्टी_कुपवाड

दोघांचे मनापासून आभार. बाहेरून वीज आणायची म्हटलं तर वारा आणि सूर्य दोन्ही लहरी, आणि तुम्हीच सांगताय की स्टॅकला वरखाली चालत नाही. मग चोवीस तास एकसारखी अणुवीज हीच या यंत्राची खरी जोडीदार नाही का? जैतापूर तर घाट उतरला की आहे.

जडपाणी

तांत्रिकदृष्ट्या तुमचं म्हणणं बरोबर आहे, व्यवहारात मात्र आज तो मार्ग कुपवाडपर्यंत येत नाही. दोन्ही नीट सांगतो.

बरोबर कुठे, ते आधी. अणुवीजेचं जीवनचक्र-उत्सर्जन युनिटमागे १२ ग्रॅमच्या आसपास धरलं जातं, वाऱ्याइतकंच. तिच्यावर हायड्रोजन केला तर किलोमागे ०.७ किलो कार्बन. आपल्या पीएचडब्ल्यूआर, म्हणजे जड पाण्याच्या अणुभट्ट्या, नैसर्गिक युरेनियमवर चालतात, त्यांच्यात जादा रिॲक्टिव्हिटी, म्हणजे साखळी क्रिया टिकवायची हाताशी असलेली ताकद, कमी असते. भार खूप उतरवला किंवा अणुभट्टी ट्रिप झाली आणि अर्ध्या-पाऊण तासात परत चढवली नाही, तर न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन साचतो आणि दीड दिवस थांबावं लागतं. म्हणून त्या एकसारख्या चालवणंच सोयीचं. कैगाच्या पहिल्या भट्टीने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालून दाखवलं. पुढे दुपारी सौर विजेचा पूर येईल तेव्हा अशा केंद्राला भार कमी करण्याऐवजी ती वीज इलेक्ट्रोलायझरकडे वळवता येईल, हा विचार पक्का आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या नाइन माइल पॉइंट केंद्रात २०२३ पासून सव्वा मेगावॉट वीज घेणारा संच दिवसाला ५६० किलो हायड्रोजन देतो आणि तो आधी केंद्राच्याच कामाला जातो. मोठ्या टर्बोजनरेटरचं थंडावण हायड्रोजननेच होतं, हे वीज केंद्रात काम केलेल्यांना माहीत असतंच.

उष्णतेचं अंग आणखी मोलाचं आहे. पाण्याऐवजी वाफ फोडली तर विजेचा खर्च किलोमागे ४० युनिटच्या आत येतो. तो सॉलिड ऑक्साइड संच ७०० ते ८५० अंशांवर चालतो आणि सारखा थंड-गरम केला तर त्याची सील तडकतात. म्हणजे त्याला अणुकेंद्रासारखाच एकसारखा शेजारी हवा. पीएचडब्ल्यूआरचं शीतक ३१० अंशांच्या वर जात नाही. वाफ बनवायला ते पुरतं, पण विजेशिवाय थेट रसायनाने पाणी फोडायला नाही. गंधक-आयोडीन चक्राला ८५० अंशांच्या वर लागतं, तांबे-क्लोरीनला ५०० च्या वर. त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्र ५ मेगावॉट औष्णिक क्षमतेपर्यंतच्या उच्च तापमान वायुशीतित भट्टीवर काम करतंय, उद्देशच हायड्रोजन असा ठेवून.

आता व्यवहार. जैतापूरला १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा मूळ आराखडा होता. बांधकाम सुरू झालेलं नाही. काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं पहिलं काँक्रीट नोव्हेंबर २०१० चं, व्यापारी उत्पादन जून २०२३. पहिल्या काँक्रीटपासून साडेबारा वर्षं. गिऱ्हाईक एवढं थांबणार नाही. शिवाय अणुवीज राज्यांच्या वितरण कंपन्यांना वाटपाने जाते. तारापूर आणि काक्रापारचा महाराष्ट्राचा वाटा महावितरणच्या एकत्र विजेत मिसळतो आणि कुपवाडच्या शेडला त्याचा वेगळा करार करता येत नाही. देशाच्या एकूण विजेत अणूचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून त्या ०.७२ वर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. आणि ऑगस्ट २०२३ च्या केंद्राच्या व्याख्येत 'हरित हायड्रोजन' म्हणजे नूतनक्षम विजेवरचा किंवा जैवभारापासूनचा, किलोमागे २ किलोच्या आतला. अणुवीजेवरचा हायड्रोजन कार्बनने तितकाच स्वच्छ असूनही त्या व्याख्येत बसत नाही. मला ही व्याख्या अपुरी वाटते. कार्बन मोजायचा तर कार्बनच मोजावा, विजेचं कूळ बघू नये.

पण कुणी म्हणालं की अणूच सगळा हायड्रोजन देईल, तर एक गुणाकार करून बघा. ७०० मेगावॉटची एक भट्टी ८५ टक्के चालली तर वर्षाला ५२० कोटी युनिट. ५५ युनिटने ९५ हजार टन हायड्रोजन. २०३० चं राष्ट्रीय उद्दिष्ट ५० लाख टनांचं आहे, म्हणजे अशा ५३ भट्ट्या केवळ त्यासाठी. अणूचं पहिलं काम रात्रीच्या ग्रिडमधला कोळसा हटवणं हेच आहे. ते झालं की तुमच्या प्लगमधली वीजच स्वच्छ होते आणि इलेक्ट्रोलायझरचं गणित आपोआप सुटतं.

या दोघांचं नातं आपल्याकडे जुनंच आहे. १९६२ साली नांगलला देशातला पहिला जड पाण्याचा कारखाना सुरू झाला, तो भाक्राच्या जलविजेवर खतासाठी पाणी फोडून हायड्रोजन करणाऱ्या कारखान्याला जोडून. अलिबागजवळ थळला आजही खत कारखान्याच्या अमोनिया संश्लेषण वायूमधूनच जड पाणी काढतात. फुकुशिमात २०११ मध्ये जे स्फोट झाले तेही हायड्रोजनचे: इंधनाच्या नळ्यांच्या तापलेल्या झिर्कोनियमवर वाफ आली की हायड्रोजन सुटतो. त्यानंतर अणुभट्ट्यांत बसवले जाणारे रिकॉम्बायनर आणि मिरजकरांनी सांगितलेला डीऑक्सो, दोन्हींतली क्रिया एकच.

पाटण_पठार

बाहेरच्या विजेचं सांगतो. बाहेरून स्वच्छ वीज थेट विकत घेऊ देणाऱ्या २०२२ च्या ग्रीन ओपन ॲक्सेस नियमांनी १०० किलोवॉट करारभार असलेल्यालाही दार उघडलंय. ग्रुप कॅप्टिव्ह, म्हणजे ग्राहकांनी मिळून भांडवल घातलेल्या प्रकल्पाची वीज, घ्यायची तर ग्राहकांकडे मिळून २६ टक्के भांडवल आणि ५१ टक्के वापर ही अट पाळावी लागते. वर्षाअखेरीस वापर कमी भरला तर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे बाहेरून वीज घेतल्याबद्दलचा आकार, उलटा अंगावर येतो. करार करताना हे कलम कुणाच्या माथी आहे ते बघा.

वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावरचा वारा जून ते सप्टेंबर जोरात, नोव्हेंबरनंतर पडतो. सौर वीज बरोबर उलटी: पावसाळ्यात पडते. म्हणून नुसता वारा किंवा नुसतं ऊन घेऊ नका, दोन्हींचा मिलाफ घ्या. सव्वानऊ लाख युनिटसाठी ढोबळमानाने पाव मेगावॉट वारा आणि तीनशे-साडेतीनशे किलोवॉट सौर. बँकिंग, म्हणजे जादा वीज ग्रिडकडे जमा ठेवून नंतर घेणं, महिन्यापुरतंच असतं, त्यामुळे जुलैची वाऱ्याची वीज जानेवारीत मिळणार नाही. वर्षाची बेरीज जमली म्हणून खूश न होता महिनावार तक्ता मांडा आणि ७० टक्क्यांची रेषा प्रत्येक महिन्यात गाठतोय का बघा. जिथे गाठत नाही त्या महिन्यात संच बंद, क्रॅकर चालू.

कोयनेबद्दल नेहमी विचारलं जातं. १९६० मेगावॉट आहे, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला लवादाची ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. ते पाणी संध्याकाळच्या मागणीसाठी जपून वापरतात, आणि तेच त्याचं योग्य काम आहे. चोवीस तास इलेक्ट्रोलायझर चालवायला ते नाही. वीज साठवायचा प्रश्न असेल तर घाटघरसारखं पाणी वर चढवून वीज साठवणारं उदंचन केंद्र चारातली तीन युनिट परत देतं. हायड्रोजन करून पुन्हा वीज केली तर तीनातलं एकच हाती येतं.

युनिटचा_हिशोब

फोर्जिंगचा प्रश्न राहिला होता. एलपीजीत आकारमानाने २० टक्के हायड्रोजन मिसळला तरी उष्णतेतला त्याचा वाटा ३ टक्क्यांच्या आत. नैसर्गिक वायूत मिसळलात तर ७ टक्के. त्यासाठी बर्नर बदलायचे, ज्योत मागे सरकण्याची भीती घ्यायची आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढवायचे, हे परवडत नाही. त्या भट्टीची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास असेल तर ५७ युनिटच्या हायड्रोजनवर जेमतेम ३० किलो बिलेट (फोर्जिंगचा पोलादी तुकडा) तापेल. तीच ५७ युनिट इंडक्शन हीटरला दिली तर दीडशे किलो.

भट्टी_कुपवाड

समजलं. मग आधी प्रवाह कमी करायची चाचणी, सौर वीज हीटरला, आणि महिनावार विजेचा तक्ता जमला तरच इलेक्ट्रोलायझर, क्रॅकर जोडीला ठेवून. चाचणीसाठी ड्यू पॉइंट मीटर कुठे लावावा? सध्या क्रॅकरच्या ड्रायरनंतर एकच आहे आणि तो उणे ५५ दाखवतो, तरी मालाला कधी कधी झाक येते.

गॅसलाइन_मिरज

मग दोष वायूत नाही, भट्टीत आहे. दुसरा नमुना भट्टीच्या गरम भागातून आणि तिसरा कुलिंग जॅकेटच्या सुरुवातीला घ्या. नमुन्याची नळी ६ मिमी एसएसची हवी. रबर किंवा नायलॉनच्या नळीतून हवेतली ओल आत झिरपते आणि मीटर उणे ३० च्या खाली जातच नाही, मग माणूस नसलेला दोष शोधत बसतो. मीटर लावण्याआधी नळी एक तास वायूने धुऊ द्या. मीटरचा सेन्सर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असेल तर त्याला अमोनिया सोसत नाही, आणि क्रॅकरच्या वायूत तो थोडा असतोच. सिव्ह चांगली आहे याची खात्री करूनच जोडा.

गरम भागात उणे ४५ आणि कुलिंगच्या सुरुवातीला उणे ३० दिसलं, तर वॉटर जॅकेटची वेल्डिंग बारीक गळतेय. प्रवाह कमी करायच्या आधी ती बंद करा, कारण आज जास्तीचा वायू तीच ओल झाकतोय. जॅकेट रिकामं करून ३ बार हवेच्या दाबाला साबणपाणी लावलं की जागा सापडते. भट्टी पूर्ण थंड आणि नायट्रोजनने धुतलेली असतानाच हे करा.